लांकडाचें वाळवण

पापड, कुरडया, सांडगे ह्यांचें वाळवण अंगणांत कधींच पडलें नाहीं असें मराठी घर विरळा. लांकडाचें वाळवण घालण्याचा प्रसंग मात्र आमच्या वाचकांपैकीं थोड्यांवरच आला असेल. आमच्यावर तो २०२२ च्या मे महिन्यांत, वळवाच्या एका वादळी संध्याकाळीं आला. नगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याच्या बाजूस, सावेडी नांवाचें जें उपनगर आहे तेथें आमचें घर आहे. (जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें; जुनीं माणसें घरांत अजून ‘नगर’च म्हणतात, व आम्हीही त्यांतलेच.) वडिलांनीं हें घर बांधलें तेव्हां भोंवतीं शेतें होतीं. १९७२ च्या दुष्काळांत, माणसांना प्यावयास पाणी पुरत नसतां, मातोश्रींनीं भांड्यांच्या विसळवणीवर एक कडुनिंबाचें रोप जगविलें. पन्नास वर्षांचें तें झाड त्या संध्याकाळीं मुळांसकट आडवें झालें.

जळाऊ लांकडाचा व्यापारी दुसऱ्याच दिवशीं दारांत उभा राहिला. मातोश्रींनीं त्याला परत धाडलें. त्यांचें वय त्या वेळीं चौऱ्यायशी होतें, आणि ह्या झाडाचा झोपाळा करून त्यावर आपण बसावें असें त्यांच्या मनांत आलें. ओंडके वखारींत नेऊन कापून आणले, आणि ज्यांच्या वडिलांनीं आमच्या घराचीं दारें केलीं होतीं त्या मिस्त्रींना बोलाविणें पाठविलें. त्यांनीं फळीवर बोटानें टिचकी मारली, नाकाशीं धरून वास घेतला, आणि म्हणाले, “आई, दोन होळ्या जाऊं द्या.”

“माझ्या किती होळ्या उरल्यात तें तुम्हांला ठाऊक आहे वाटतें, मिस्त्री?” मातोश्री म्हणाल्या.

मिस्त्री हंसले, पण त्यांनीं मुदत कमी केली नाहीं. इतिहासाचे जुने ग्रंथ चाळण्याची संवय आम्हांस असल्यामुळें एक प्रश्न तेव्हांपासून डोक्यांत घोळूं लागला. पूर्वींच्या लोकांनीं हा काळ कोठून आणला? वाडा बांधणारा, गलबत बांधणारा, गाडी करणारा, ह्या सर्वांना ओल्या लांकडाशींच गांठ होती. लांकूड सुकेपर्यंत थांबावयाचें कोणीं, आणि त्या थांबण्याची किंमत कोणाच्या पदरीं पडली?

आधीं आमच्या अडाणीपणाची हकीकत सांगून टाकतों. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून आम्हीं सर्व फळ्या मागील अंगणांत जमिनीवरच एकीवर एक रचल्या आणि वरून प्लॅस्टिकचें कापड घट्ट गुंडाळलें. मनांत हेतु असा कीं, पाणी लागूं नये. बारा दिवसांनीं कापड उघडलें तों आंतून कुबट वाफ आली. फळ्यांवर पांढरी बुरशी धरली होती व कित्येकींवर काळपट डाग उतरले होते. पाणी बाहेरून येतें ही आमची समजूत. तें आंतूनच निघावयाचें होतें, आणि त्याचा दरवाजा आम्हींच बंद केला होता.

मिस्त्रींनीं सर्व रास मोडविली. जमिनीपासून फूटभर उंचीवर दगडी चिरे ठेवून त्यांवर सपाट वासे टाकले. पहिल्या थरांत फळ्या बोटभर अंतर सोडून मांडल्या. मग इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर आडव्या घातल्या. त्यावर दुसरा थर, पुन्हा पट्ट्या, असें करीत चवड कमरेच्या वर आणली. सर्व पट्ट्या खालपासून वरपर्यंत अगदीं एका ओळंब्यांत आल्या पाहिजेत ह्याविषयीं त्यांचा कटाक्ष विलक्षण होता. एक पट्टी चार बोटें सरकली तर वरच्या थरांचें ओझें फळीच्या मध्यावर पडतें, आणि ती सुकतां सुकतां कायमची बाकते. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना तैलरंग जाड फासला. चवडीच्या माथ्यावर शहाबादी फरश्यांचें वजन ठेवलें व त्यावर पत्र्याचें छप्पर चारी बाजूंनीं पुढें काढून घातलें. बाजू मात्र मोकळ्या ठेवल्या. ऊन लागूं नये, पाऊस लागूं नये, वारा मात्र दिवसरात्र खेळावा, एवढेंच ह्या सर्व खटाटोपाचें सूत्र.

ह्या सूत्राचें कारण आतांचें शास्त्र स्पष्ट सांगतें. ओल्या लांकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें. कांहीं पेशींच्या पोकळींत भरलेलें असतें, जसें घागरींत पाणी. आणि कांहीं पेशींच्या भिंतींतच मुरलेलें असतें, जशी घागरीच्या मातींत ओल. पहिलें पाणी लवकर जातें, आणि तें जातांना लांकडाचा आकार बदलत नाहीं. सुक्या लांकडाच्या वजनाच्या शेंकडा २५ ते ३० इतकें पाणी उरलें म्हणजे पोकळ्या रित्या झाल्या असें समजावें. त्यापुढें भिंतींतली ओल सुटूं लागते, आणि तेथून लांकूड आक्रसतें. तें सर्व बाजूंनीं सारखें आक्रसत नाहीं हीच खरी अडचण आहे. लांबींत तें जवळजवळ आक्रसतच नाहीं. गाभ्याकडून सालीकडे जितकें आक्रसतें त्याच्या सुमारें दुप्पट वाढीच्या कड्यांच्या अंगानें आक्रसतें. ह्या ओढाताणींतून बाक, पीळ आणि तडे उत्पन्न होतात. टोकांकडून पाणी फार झपाट्यानें निसटतें, म्हणून टोकें आधीं फाटतात. त्यावर तैलरंगाचा उपाय. मिस्त्रींना ह्यांतलें शेंकड्याचें गणित ठाऊक नव्हतें. त्यांनीं मात्र झोपाळ्याची फळी एकच रुंद न घेतां गाभा वगळून दोन अरुंद फळ्या बाजूला काढल्या होत्या.

आतां नगरच्या इतिहासाकडे वळूं. इ. स. १४९४ मध्यें मलिक अहमद निजामशहानें हें शहर वसविलें. त्याच्या वंशाच्या राजवटींत येथें जीं कामें झालीं त्यांत दगड आणि चुना ह्यांचेंच राज्य दिसतें. दमडी मशीद, फराहबाग, शहराच्या पूर्वेस डोंगरावरील सलाबतखानाची कबर, ह्या वास्तू पाहतांना कमान आणि घुमट हेंच डोळ्यांत भरतें. ह्याला कलेच्या परंपरेचें कारण आहेच. पण आमच्या मतें दुसरें एक घरगुती कारणही त्यामागें असावें. जिल्ह्याच्या पश्चिमेचा अकोल्याकडील सह्याद्रीचा पट्टा सोडला तर हा मुलूख उघडा, कमी पावसाचा. बाभूळ आणि निंब हीं येथलीं रोजचीं झाडें. लांब, सरळ तुळई त्यांतून निघत नाहीं. ज्या देशांत तुळई मिळणें कठीण, तेथें छत दगडानेंच पेलावें लागतें. सामान्य माणसाचें माळवद ह्याच टंचाईची दुसरी बाजू होय. आंखूड कड्या, त्यांवर पाट किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. खण लहान ठेवावयाचा, म्हणजे मिळेल त्या लांकडावर भागतें.

पुण्याकडे सागवान जवळ होतें, त्यामुळें तेथील गोष्ट निराळी. शनिवारवाड्याच्या कामाचा आरंभ १० जानेवारी १७३० रोजीं झाला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. साग जुन्नरच्या रानांतून आला हें प्रसिद्ध आहे. ह्या दोन तारखा आम्हीं शाळेंत पाठ केल्या होत्या. अंगणांत चवड रचल्यानंतर मात्र त्यांकडे आमची दृष्टि वेगळी झाली. दोन वर्षें बारा दिवस! एवढ्या अवधींत तोडणी, वाहतूक, करवतकाम, कोरीवकाम आणि उभारणी. इंच-दीड इंचाची फळी ह्या मुदतींत खुशाल सुकेल. पण मोठ्या वाड्याचा खांब म्हणजे फळी नव्हे. जाडी दुप्पट झाली कीं सुकण्याचा काळ दुपटीहून पुष्कळ अधिक वाढतो. तेव्हां हीं जाड लांकडें आंतून ओलीं असतांनाच उभीं राहिलीं असावींत, असें आमचें अनुमान आहे.

मग वाडा वांकडा कां झाला नाहीं? ह्याचें उत्तर दोन गोष्टींत मिळतें. एक तर साग हें लांकूड स्वभावानेंच समंजस. आक्रसणें कमी, पीळ कमी, आणि अंगच्या तेलामुळें कीड-वाळवी त्याला सहसा शिवत नाहीं. दुसरें, जुन्या सुताराची रचनाच ओल्या लांकडाला सवड ठेवणारी होती. खांब दगडी तळखड्यावर सुटा उभा राही. तुळई खांबाच्या माथ्यावर कुसवांत बसे. सांध्यांत लांकडी खुंट्या आणि पाचरी असत. लांकूड आक्रसलें तर सांधा किंचित् हलतो, पाचर पुन्हा ठोकतां येते. खिळ्यानें जखडलेलें लांकूड मात्र फाटतें. म्हणजे वाड्यानें वाळवणीचा काळ आधीं न भरतां रहातां रहातां भरला. ह्याची तपासणी शनिवारवाड्यांत आतां करतां येणार नाहीं, कारण १८२८ च्या आगीनें तेथील लांकूडकाम गेलें आणि जोतीं तेवढीं राहिलीं. परंतु ज्यांचीं घरें पेशवाई वळणाच्या वाड्यांत आहेत त्यांनीं आपल्या माडीच्या सांध्यांकडे एकदां निरखून पाहावें.

लांकडाच्या बाबतींत मराठी राज्यकर्ते बेफिकीर होते असें मात्र कोणीं समजूं नये. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ १७१६ च्या सुमाराचें. आरमाराच्या प्रकरणांत त्यांनीं लांकडाविषयीं जें लिहिलें आहे तें पुष्कळांच्या परिचयाचें आहे. सागवानादि वृक्ष राज्यांतील रानांतून परवानगीनेंच तोडावे, आणखी लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा, फणस हीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असल्यामुळें त्यांस हात लावूं नये. एखादें अगदीं जीर्ण झालेलें झाड घ्यावयाचेंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्या शिकवणीचा आशय. गडावरही झाडें राखावींत, अडीअडचणींत त्यांचें लांकूड उपयोगीं पडतें, अशी दूरदृष्टि त्याच ग्रंथांत आहे. एका वर्षांत झाड होत नाहीं हें ज्याला कळलें त्याला लांकडाचें अर्धें शास्त्र कळलें. ह्याच्याही मागें गेलों तर सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’ंत वनसंप्रवेशाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत स्मशानांतलें, पक्ष्यांच्या घरट्यांचें, विजेनें पडलेलें झाड मूर्तीसाठीं घेऊं नये असें सांगून, तोडण्यापूर्वीं त्यावर वसणाऱ्या भूतांची प्रार्थना करावयास लाविलें आहे. वादळानें पाडलेल्या आमच्या निंबाला त्या दंडकांत कितपत जागा मिळाली असती, हा प्रश्न आम्हीं मातोश्रींपुढें मुद्दाम काढला नाहीं.

थांबण्याची खरी किंमत समुद्रावर कळली. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं नेपोलियनशीं झुंजणाऱ्या इंग्लंडला लढाऊ जहाजें हवीं होतीं आणि तींही तांतडीनें. ओकचें लांकूड कमी पडूं लागलें. जें मिळालें तें पुरतें न सुकवितां वापरण्याची पाळी आली. ‘क्वीन शार्लट’ हें शंभर तोफांच्या वर्गांतलें भव्य जहाज १८१० सालीं पाण्यांत सोडलें, आणि समुद्रावर कामगिरीला निघण्यापूर्वींच तें आंतून कुजल्याचें दिसून आलें; दुरुस्तीसाठीं त्याचा पुष्कळसा भाग नव्यानें करावा लागला. ओल्या फळ्या, बंद हवा आणि बुरशी हेंच तेथलें त्रिकूट. आमच्या प्लॅस्टिकच्या गांठोड्यांत बारा दिवसांत जें झालें तेंच तेथें राष्ट्राच्या खर्चानें झालें, एवढाच काय तो फरक.

ह्याच वेळीं मुंबईच्या गोदींत निराळा कारभार चालला होता. १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया ह्यांच्या घराण्यांत जहाजबांधणीची विद्या पिढ्यान् पिढ्या राहिली. जमशेटजी बमनजी ह्यांच्या हातून १८१० मध्यें ‘मिंडेन’, १८१३ मध्यें ‘कॉर्नवॉलिस’ व १८१७ मध्यें ‘त्रिंकोमली’ अशीं जहाजें बाहेर पडलीं. लांकूड सागाचें, बहुतेक मलबारकडील. त्यांपैकीं ‘त्रिंकोमली’ दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत तरंगत आहे, आणि लोक तिकीट काढून तें पाहतात. ओकला जें साधलें नाहीं तें सागाला साधलें ह्याचें श्रेय त्याच्या तेलाला आहे, हें खरें. पण सागाच्या व्यापारांतला एक प्रघातही विसरतां कामा नये. ओला साग पाण्यांत बुडतो; नदीच्या प्रवाहानें तो खालीं आणतां येत नाहीं. म्हणून ब्रह्मदेशांत उभ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं सालीखालपर्यंत खोल कडें कापून ठेवीत. वर रस चढणें बंद पडे, झाड जागच्या जागीं मरे आणि उभ्या उभ्या दोन-तीन वर्षें सुकत राही. मग तें तोडीत, हत्तींकडून नदीपर्यंत ओढवीत आणि तराफे करून सोडून देत. थांबण्याचें काम झाडावरच सोंपविण्याची ही युक्ति आम्हांस फार चतुर वाटते, आणि थोडी निर्दयही. मौलमीन व रंगून येथून निघालेला हा साग पुढें हिंदुस्थानच्या बंदरांतून ‘बर्मा टीक’ ह्या नांवानें घरोघर पोंचला. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर बंदरावरचा माल नगरास आणणेंही सोपें झालें.

परंतु नगर जिल्ह्यांतल्या खेड्याला बर्मा टीक परवडणारें नव्हतें. तेथें बलुतेदार सुताराला बाभळीवरच सर्व संसार चालवावा लागे. नांगर, कुळव, पाभर आणि मुख्य म्हणजे बैलगाडीचें चाक हीं त्याच बाभळीचीं. बाभूळ कठीण, चिवट, वजनदार. पण तिच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागाला भुंगा फार लवकर लागतो. त्यावर खेड्यांत उपाय होता तो वरकरणीं अगदीं उलटा: लांकूड सुकविण्यासाठीं तें पाण्यांत घालावयाचें. ओढ्याच्या डोहांत किंवा विहिरीच्या कडेच्या चिखलांत ओंडके दडपून ठेवीत. किड्याला आवडणारा पिष्टमय अंश पाण्यांत हळूहळू उतरून जाई, आणि पुढें सावलींत ठेवल्यावर लांकूड कमी तडकत सुके. ‘मुरविणें’ हा शब्द मराठींत लोणच्याला आणि लांकडाला दोहोंनाही लागतो तो उगीच नव्हे.

चाकांत तर कच्च्या लांकडाला क्षमाच नाहीं. मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, त्यांवर पुठ्ठ्यांचा घेर आणि सर्वांना आंवळणारी लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवितो आणि पाणी ओततो. लोखंड आक्रसून सर्व सांधे आवळतें. पण लांकूडच पुढें आक्रसणार असेल तर वैशाखांत धाव सैल होऊन रस्त्यांत निखळते. मुरलेल्या लांकडाचें चाकही उन्हाळ्यांत थोडें ढिलें होतें, म्हणून गाडीवान ओढा लागला कीं गाडी मुद्दाम पाण्यांत उभी करीत. बैलांना पाणी पाजण्याबरोबर चाकांनाही पाणी पाजलें जाई. आणि ह्या थांबण्याचें वेतन सुताराला वेगळें मिळत नसे. त्याचें बलुतें सुगीला ठरलेलें. डोहांतला ओंडका दोन महिने पडो कीं सहा महिने, धान्य तेवढेंच. ज्यानें आज ओंडका बुडविला त्याला पुढच्या वर्षींही आपण ह्याच गांवांत, ह्याच शेतकऱ्यांच्या गाड्या करणार आहोंत ही खात्री होती. बलुतेदारीच्या पद्धतींत जाच होता, अप्रतिष्ठा होती, तिचें गोडवे आम्हांस गावयाचे नाहींत. तथापि लांकडाला लागणारा काळ त्या खात्रींतून येत होता, हें इतिहासाच्या वहींत जमेकडे लिहावेंच लागतें. रोखीचा व्यवहार सुरू झाल्यावर काळाला भाडें पडूं लागलें. वखारीतला ओंडका वर्षभर पडून राहिला तर जागा अडते, भांडवलाला व्याज चढतें. म्हणून लांकूड आज येतें, उद्यां कापलें जातें, आणि त्याचें वाळवण गिऱ्हाइकाच्या घरीं दाराच्या चौकटींतच होतें. पावसाळ्यांत न लागणारें आणि उन्हाळ्यांत बोटभर फट दाखविणारें नवें दार आमच्या सावेडींत घरोघर आहे.

शास्त्रानें ह्यावर तोड काढली नाहीं असें नाहीं. देहरादून येथें १९०६ सालीं स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेंत हिंदी लांकडांच्या सुकण्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. ऊन, वाफ व पंखे ह्यांच्या योगानें भट्टींत थोड्या दिवसांत लांकूड सुकवितां येतें; मोठे कारखाने तसें करतातही. भारतीय मानकांत हवेच्या दमटपणावरून देशाचे विभाग पाडून कोठें किती ओल उरलेलें लांकूड वापरावें हेंही ठरवून दिलें आहे. कोंकणांत सुकविलेलें कपाट नगरच्या हवेंत येऊन पुन्हा कां आक्रसतें ह्याचें उत्तर त्यांत आहे. परंतु एका घरच्या पंधरा-वीस फळ्यांसाठीं भट्टी कोण पेटविणार?

आम्हीं मग काट्याचा आधार घेतला. झोपाळ्यासाठीं राखलेल्या दोन फळ्यांपैकीं एक, पांच फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच जाड, लोंबत्या काट्याला अडकवून वेळोवेळीं तोलावयाची. वजन उतरेनासें झालें म्हणजे फळीनें हवेशीं समेट केला असें समजावयाचें. आषाढांत ती साडेसतरा किलो भरली. दिवाळींत पावणेपंधरा, होळीला सव्वातेरा, वैशाखांत तेराला थोडी कमी. आतां झालें, असें म्हणून आम्हीं मिस्त्रींना निरोप पाठविला. ते आलेच नाहींत. श्रावणांत पुन्हा तोललें तों फळी साडेतेराच्या जवळ गेलेली! हवेंतली ओल तिनें परत घेतली होती. मातोश्रींना ह्या चढउताराचें मोठें कौतुक. “तिलाही श्रावणांत अंगावर चढतें,” असें म्हणून त्या वहींत आंकडा स्वतः मांडीत. त्यांचें स्वतःचें वजन त्या वर्षीं आजारपणांत सात किलोंनीं उतरलें होतें. तें आंकडे आम्ही दुसऱ्या वहींत मांडीत होतों.

दुसरी होळी २०२४ च्या मार्चांत झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीं मिस्त्री न बोलावतां आले. त्यांनीं चवडींतून दोन्ही फळ्या काढल्या, कडेवरून एका डोळ्यानें पाहिलें, रंध्याची एक धांव मारून छिलका बोटांत चुरगाळला. दोन्ही सरळ होत्या. एकीच्या टोकाला वीतभर तडा होता तेवढा कापून टाकला. बुरशीचे काळे डाग मात्र रंधून गेले नाहींत. ते खालच्या बाजूस घ्यावे असें मिस्त्रींनीं सुचविलें. “वरच असूं द्या,” मातोश्री म्हणाल्या, “ह्याची चूक ह्याला दिसत राहील.”

झोपाळा गुढीपाडव्याला टांगला. चवडींत अद्याप सहा फळ्या आहेत आणि बुंध्याचा चार इंच जाडीचा एक तुकडा आहे. त्याची उशाशीं ठेवावयास चौकी करा असें मातोश्रींचें म्हणणें. मिस्त्रींनीं तो उचलून पाहिला आणि पुन्हा पट्ट्यांवर नीट ओळंब्यांत ठेवून दिला.